कोलाज वाळलं की पुठ्ठा वाकतो, फुगे येतात, कडा सुटतात: कारणं आणि उपाय

संध्याकाळी चिकटवून झालं तेव्हा सगळं सपाट होतं. सकाळी बघावं तर पुठ्ठ्याचे कोपरे वर आलेले, मधे दोन-तीन फुगे, आणि लग्नपत्रिकेवरून कापून घेतलेला गणपती एका बाजूने सुटून लोंबतोय. वर्तमानपत्रं, कापडाचे तुकडे, पत्रिका, बिस्किटांची वेष्टनं, डाळी, बटणं असं घरातलं साहित्य घेऊन कोलाज करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, आणखी फेव्हिकॉल लावतात. त्याने पुठ्ठा अजून वाकतो.

गोंद कमी पडल्यामुळे हे होत नाही. गोंदातलं पाणी कागदात शिरतं, मग बाहेर पडतं, आणि पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना हे सारखं घडत नाही, म्हणून होतं. त्यामुळे खालचे बहुतेक उपाय दोनच गोष्टींवर उभे आहेत: पाणी कमी वापरायचं, आणि जे वापरू ते पुढच्या-मागच्या बाजूला सारखं वापरायचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी चित्राच्या मांडणीआधी हे शिकवते, कारण छान जमलेलं चित्र महिन्याभरात वाकडं झालेलं बघून लोक पुढचं करायचंच सोडतात.

पुठ्ठा का वाकतो

कागद बारीक तंतूंचा बनलेला असतो. तंतू पाण्याने फुगतो तेव्हा लांबीत जेमतेम एखादा टक्का वाढतो, जाडीत मात्र १५ ते २० टक्क्यांपर्यंत. कारखान्यात कागद यंत्रावर पुढे सरकत तयार होतो, त्यामुळे बरेचसे तंतू त्या एकाच दिशेने झोपलेले असतात. छापखान्यातले आणि बायंडिंगवाले या दिशेला ग्रेन म्हणतात. ओला कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने जास्त आकसतो.

ग्रेन ओळखायला काही लागत नाही. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडा, बऱ्यापैकी सरळ फाटतं. आडवं फाडा, वेडंवाकडं जातं. म्हणजे पानाचा ग्रेन उभा आहे. जाड कागद किंवा पुठ्ठा असेल तर तो दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने तो कमी विरोध करून गोल होतो, त्या गोलाच्या अक्षाला समांतर ग्रेन. छोटा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला केला तर तो आपणहून सुरळी होतो, आणि सुरळीची लांबी ग्रेनच्या दिशेने असते. झेरॉक्सच्या ए-फोर कागदात ग्रेन सहसा लांब बाजूने असतो.

आता चिकटवताना काय होतं ते बघा. कागदाला गोंद लावला, तो पसरला. त्याच पसरलेल्या अवस्थेत आपण तो पुठ्ठ्यावर दाबला. सुरुवातीला पुढची बाजू ओली आणि मोठी, म्हणून पुठ्ठा मागे वाकतो. मग कागद वाळतो, मूळ मापाकडे परत जायला बघतो, पण आता तो पुठ्ठ्याला धरलेला आहे. म्हणून तो पुठ्ठ्यालाच ओढतो आणि उन्हात घातलेल्या पापडासारख्या कडा वर येतात. आधी मागे आणि नंतर पुढे, हा क्रम दिसला तर कारण नक्की हेच आहे असं समजा.

कारण वेगळं असेल तर वाकण्याची वेळही वेगळी असते. चिकटवल्यावर आठवडे सपाट राहिलेलं कोलाज जुलैत वाकलं, तर पुठ्ठ्याची उघडी पाठ हवेतलं पाणी पितेय. पुढची बाजू रंगाने, गोंदाने, वार्निशने बंद झालेली असते, मागची नसते. पाठ पसरते आणि चित्र आतल्या बाजूला वळतं. हेच चित्र मेमध्ये नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या हवेत उलट्या बाजूला वाकू शकतं, कारण तिथे पाठीतलं पाणी निघून जातं आणि पाठ आकसते. रत्नागिरीत केलेलं चित्र विदर्भातल्या नातेवाइकांना भेट दिलं आणि तिकडे गेल्यावर त्याचा आकार बदलला, यात प्रवासाचा काही दोष नसतो.

वाकूच नये म्हणून

सगळ्यात मोठा फरक पाडणारी गोष्ट म्हणजे पाठीला कागद लावणं. पुढे जितका जाड कागद, साधारण तितकाच जाड कागद मागे, तोच गोंद, तितकाच पातळ थर, आणि ग्रेन त्याच दिशेने. पुढचा कागद एका बाजूला ओढतो, मागचा दुसऱ्या, आणि पुठ्ठा मधे सरळ राहतो. मागच्या कागदाला कोणी बघत नाही, म्हणून तिथे जुन्या वहीची कोरी पानं, तपकिरी कागद, काहीही चालतं. हे काम अर्धा तास वाढवतं म्हणून लोक टाळतात. पोस्टकार्डापेक्षा मोठ्या कुठल्याही कोलाजला मी ते टाळू देत नाही.

सुरुवातीलाच पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक हात द्या. दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी. पूर्ण वाळू द्या. यानंतर पुठ्ठा पाणी कमी ओढतो, त्यामुळे वरचे कागद नीट चिकटतातही. ॲक्रिलिक प्रायमर किंवा जेसो (रंगकामाआधी द्यायचं पांढरं अस्तर) घरात असेल तर तो आणखी चांगला.

पुठ्ठा कोणता, यावर बरंच अवलंबून असतं. खोक्याचा नळ्यांचा पुठ्ठा सगळ्यांच्या घरी असतो, पण तो नळ्यांच्या आडव्या दिशेने सहज वाकतो आणि पातळ कागदाखाली त्याच्या रेघा उठून दिसतात. तोच वापरायचा असेल तर दोन तुकडे घ्या, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, आणि एकमेकांवर चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. तीन प्लायच्या, म्हणजे तीन थरांच्या, खोक्यापेक्षा पाच प्लायचं खोकं चांगलं. मिठाईच्या आणि शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा छोट्या कामाला ठीक, पण त्याच्या एका बाजूला गुळगुळीत थर असतो, त्यामुळे तो मुळातच असमान असतो आणि लवकर वळतो. मला विचाराल तर स्टेशनरीच्या दुकानातला बायंडिंगचा करडा पुठ्ठा घ्या. दोन फुटांहून मोठं काम असेल तर पुठ्ठ्याचा हट्ट सोडून हार्डबोर्ड किंवा पातळ प्लाय घ्यावा आणि पाठीला सुताराकडून लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून घ्यावी. एमडीएफ घेतलात तर कडा आधी बंद करा, त्या पाणी पिऊन फुगतात आणि परत बसत नाहीत.

मोठा, अख्खा कागद पार्श्वभूमीला चिकटवायचा असेल तर गोंद लावून लगेच दाबू नका. एक-दोन मिनिटं थांबा, कागदाला जितकं पसरायचं तितकं पसरू द्या, मग लावा. नाही तर तो पुठ्ठ्यावर बसल्यानंतर पसरतो आणि सुरकुत्या पडतात. याउलट छोटे, हाताने फाडलेले तुकडे कधीच एवढा त्रास देत नाहीत. त्यांचे ग्रेन सगळ्या दिशांना पसरलेले असतात, त्यामुळे त्यांची ओढ एकमेकांत जिरते, आणि फाटलेली कड पातळ असल्याने चांगली बसते. नवशिक्यांनी पार्श्वभूमीसुद्धा तुकड्यांचीच करावी असं माझं ठाम मत आहे. दिसतेही जास्त जिवंत.

मग वजन. चित्रावर बटर पेपर, त्यावर दोन-तीन वर्तमानपत्रं, त्यावर सपाट फळी किंवा पोळपाट, आणि त्यावर शब्दकोश, पाटा, जे जड असेल ते. पहिल्या दोन तासांत वर्तमानपत्रं एकदा बदला, कारण ती ओली झाली की पाणी बाहेर जायला वाट राहत नाही. किमान एक दिवस ठेवा, पावसाळ्यात दोन-तीन. उचलण्याआधी पाठ गालाला लावून बघा. गार लागली तर आत अजून पाणी आहे. बोटाला ते कळत नाही, गालाला कळतं.

हेअर ड्रायर, कडक ऊन आणि पूर्ण वेगातला पंखा, तिन्ही टाळा. पुढची बाजू आधी वाळते, मागची नंतर, आणि आपण जे टाळायला बघतोय तेच घडतं.

आधीच वाकलंय, आता काय?

चित्र पुढे वळलेलं असेल, म्हणजे कडा आपल्या बाजूला आल्या असतील, तर पाठीला आता कागद लावा. चित्र मऊ स्वच्छ कापडावर पालथं घाला, पाठीला फेव्हिकॉलचा पातळ एकसारखा हात द्या, कागदालाही द्या, चिकटवा आणि वजनाखाली ठेवा. वजन ठेवायच्या आधी काही मिनिटं चित्र अजून वाकल्यासारखं दिसेल, कारण पाठ ओली होऊन पसरली. घाबरू नका, पाठीचा कागद वाळताना उलट ओढतो. एका कागदाने पूर्ण सरळ झालं नाही तर वाळल्यानंतर दुसरा लावा. दोन्ही एकदम लावू नका.

चित्रावर डाळी, शिंपले, बटणं असा उठाव असेल तर पालथं घालण्याआधी खाली जाड दुलई किंवा फोम ठेवा, आणि वजन फक्त कडांवर, सारखं वाटून.

फुगे, सुरकुत्या, सुटलेल्या कडा

फुगा म्हणजे त्या जागी गोंद पोहोचला नाही किंवा हवा अडकली. गोंद थेंबाथेंबाने टाकायची सवय असेल तर फुगे येणारच. रुंद ब्रशने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पातळ थर पसरा, कागद मधून ठेवत कडेकडे जा, आणि वरून प्लास्टिक गुंडाळलेलं लाटणं मधून बाहेर फिरवा.

आलेला फुगा दोन तऱ्हांनी बसतो. ताजा असेल तर चित्रातल्या एखाद्या रेषेच्या कडेने ब्लेडने बारीक चीर द्या, सुई नसलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने किंवा टूथपिकने थोडा पातळ गोंद आत घाला, दाबा, बटर पेपर, वजन. जुना, पूर्ण वाळलेला असेल तर इस्त्री. फेव्हिकॉल हा पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा गोंद आहे आणि वाळल्यानंतरही उष्णतेने मऊ होतो. बटर पेपर ठेवून कमी गरम इस्त्री दहा-पंधरा सेकंद, मग लगेच थंड सपाट वस्तूने दाबून धरा. प्लास्टिकची वेष्टनं, मेणाचे खडू, फोम किंवा सिंथेटिक कापड असलेल्या भागावर हे करू नका.

पतंगाचा कागद आणि क्रेप कागद यांना गोंद लावायचाच नाही. गोंद पुठ्ठ्याला लावा, तोही घट्ट, आणि कागद वर अलगद सोडा. ब्रश वरून फिरवला की कागद फाटतो, आणि रंग सुटतो. क्रेपचा रंग सुटणं कुणाला आवडतंही, पण शेजारच्या पांढऱ्या भागाचं काय होणार ते आधी बघा. ओल्या बोटाने कोपरा पुसून बघणं पुरतं.

रंग सुटण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली चित्रं गोंदाच्या पाण्याने पसरतात. दुकानातली झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट पसरत नाही, कारण तिथे शाई नसून टोनरची पूड उष्णतेने कागदावर बसवलेली असते. स्केचपेन पसरतो. हळदीचं पाणी सुंदर पिवळं दिसतं, पण उजेडात काही आठवड्यांत फिकं पडतं आणि साबण किंवा चुना लागला तर लाल होतं. चहाचा रंग त्या मानाने खूप टिकतो.

कितीही दाबलं तरी चिकटतच नाही

इथे गोष्ट वेगळी आहे आणि लोकांचा सगळ्यात जास्त गोंद इथेच वाया जातो. फेव्हिकॉल त्यातलं पाणी निघून गेल्यावर धरतो. दोन पृष्ठभागांपैकी किमान एकाने ते पाणी शोषायला हवं. लॅमिनेशन केलेली लग्नपत्रिका गुळगुळीत मिठाईच्या खोक्यावर लावली तर पाणी जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी उचलून बघा, खाली गोंद अजून पांढरा आणि ओला असतो. पत्रिकेची पाठ आणि खोकं दोन्ही पॉलिश पेपरने खरवडा, मग लावा. ते नको असेल तर फेव्हिबॉन्डसारखा रबराचा गोंद दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबून, मग एकदाच अचूक दाबा. हा गोंद लावताना खिडकी उघडी हवी आणि गॅस बंद हवा. त्याची वाफ पेट घेते.

दुधाची पिशवी पॉलिथिनची असते. तिला फेव्हिकॉल धरत नाही, फेव्हिक्विक धरल्यासारखं वाटतं आणि सुटतं. मी तिला शिवतेच. दाभणाने पुठ्ठ्याला भोकं पाडायची आणि जाड दोऱ्याने टाके घालायचे. टाके चित्राचाच भाग होतात आणि पिशवीची चमक छान उठून दिसते. चिप्स-बिस्किटांच्या वेष्टनांनाही शिवण किंवा दुहेरी चिकटपट्टी. नेहमीची पारदर्शक सेलोटेप मात्र कुठेही नको, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि तो डाग निघत नाही.

बटणं शिवा. बांगड्यांच्या काचा, बाटल्यांची झाकणं, पत्रा, तार यांना आरल्डाइटसारखा दोन ट्यूबांचा गोंद. काचेवर फेव्हिकॉल सुरुवातीला घट्ट वाटतो आणि पहिल्या दमट महिन्यात सोडतो. किनाऱ्यावरून आणलेले शिंपले आधी साध्या पाण्यात भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून, पूर्ण वाळवून घ्या. त्यांच्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. अंड्याची कवचं उकळून आतला पातळ पापुद्रा काढल्याशिवाय वापरू नका, नाहीतर वास येतो आणि मुंग्याही.

कापडाची तक्रार बहुतेक वेळा डागाची असते. साडीचा काठ, खणाचा तुकडा, जुनी ओढणी, सगळ्यांतून गोंद वर येतो आणि वाळल्यावर गडद, कडक डाग दिसतो. बायंडिंगवाले यावर एक चांगली युक्ती करतात: कापडाच्या मागे आधी पातळ कागद चिकटवून घेतात, तोही घट्ट खळीने, आणि तो वाळल्यानंतर कापड कागदासारखं कापून वापरतात. कड उसवत नाही, गोंद वर येत नाही. नवं सुती कापड आधी धुवून घ्या. त्यातली खळ जाते आणि जे आकसायचं ते तिथेच आकसतं. राजा रविवर्मांच्या छापील देवदेवतांच्या चित्रांवर घराघरांतून खरं कापड, जर, टिकल्या आणि मणी लावून सजवलेल्या प्रती आजही जुन्या वाड्यांत आणि संग्रहांत दिसतात. अशी प्रत कुठे दिसली तर जरा जवळ जाऊन कापड कुठे चिकटवलंय आणि कुठे टाके घातलेत ते बघा. शिकण्यासारखं खूप आहे.

बुरशी, कसर आणि पोरकिडे

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बरेचदा ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बुरशीला ६५ ते ७० टक्के पुरतात. त्यात खाणं मिळालं तर ती येणारच. मैद्याची खळ हे उत्तम खाणं आहे.

तरीही खळ मला आवडते. ती स्वस्त आहे, मुलांना सुरक्षित आहे, पातळ कागदाला फेव्हिकॉलपेक्षा हळुवार धरते आणि चूक झाली तर पाण्याने सोडवता येते. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, गार करून गाळायचं. फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांच्या वर ठेवू नये. टिकावी म्हणून कोणी तुरटी घालायला सांगतं. तुरटी आम्लधर्मी आहे, तिने कागद वर्षांनुवर्षं ठिसूळ होत जातो, म्हणून ठेवायच्या कामात मी घालत नाही. मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, त्याने किडे येत नाहीत हे खरं, पण तो विषारी आहे आणि मुलं ज्या घरात खळीत बोटं घालतात तिथे तो आणूच नये. लवंगाच्या तेलाचे दोन-चार थेंब चालतात. पावसाळ्यात मात्र समुद्राकाठी राहणाऱ्यांनी खळ सरळ बाजूला ठेवावी आणि फेव्हिकॉल वापरावा.

बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका. ती पसरते आणि डाग आत जातो. चित्र बाकी चित्रांपासून वेगळं करा, खेळत्या हवेत सावलीत वाळू द्या, बुरशी कोरडी भुकटी झाली की तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका.

डाळी, तांदूळ, राजगिरा, मोहरी वापरून केलेल्या चित्रात दोन-तीन महिन्यांनी खाली पांढरी पूड पडायला लागली की आत पोरकिडे आहेत. धान्य वापरण्याआधी कढईत कोरडं भाजून गार करा, किंवा घट्ट बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी घराच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर धान्यावर पाणी धरतं. किडे आधीच लागलेलं छोटं चित्रही असंच दोन पिशव्यांत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवता येतं. कसर आणि झुरळं खळीसाठी येतात. चित्र भिंतीला अगदी चिकटून टांगलेलं असेल तर त्यांना लपायला जागाच मिळते.

वर्तमानपत्र पिवळं पडतंय

पडणारच. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, ते उजेडात आणि हवेत तपकिरी होतं. १९१२ साली ब्राक आणि पिकासो या चित्रकारांनी चित्रात वर्तमानपत्राचे, वॉलपेपरचे तुकडे चिकटवायला सुरुवात केली, त्यातलं वर्तमानपत्रही आज तपकिरी झालेलं आहे. मजकूर तसाच हवा आणि रंग टिकायला हवा असेल तर त्या पानाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती वापरा. पानच मोलाचं असेल, म्हणजे आजोबांचं श्राद्धाचं निवेदन किंवा मुलीच्या जन्माच्या दिवशीचं पान, तर मूळ पान जपून ठेवा आणि चित्रात झेरॉक्स घाला. आठवणीच्या कागदांना गोंद लावू नये, फोटोंनाही नाही.

मुलाला उद्या सकाळी शाळेत न्यायचंय

चिकटकामाचं हे नेहमीचं संकट. फेव्हिकॉल बाजूला ठेवा, ग्लू स्टिक घ्या. तिच्यातून कागदात इतकं कमी पाणी जातं की तो फारसा पसरत नाही. पुठ्ठ्याऐवजी जाड कार्डशीट, मोठ्या कागदाऐवजी छोटे तुकडे, जड वस्तू दुहेरी चिकटपट्टीने. रात्रभर गादीखाली बटर पेपरमध्ये. वर्षभर टिकणार नाही, पण सकाळी सपाट असेल, आणि पाठीला कागद लावायची वेळ असेल तर तोही ग्लू स्टिकनेच लावा.

टांगताना

चित्र पूर्ण वाळलंय असं वाटल्यावरही पावसाळ्यात आठवडाभर फ्रेम करू नका. काचेच्या आत अडकलेली ओल बुरशीला पुरते. काच चित्राला टेकता कामा नये, फ्रेमवाल्याला मधे पट्टी घालायला सांगा, उठावाच्या कामात तर सांगावंच लागतं. वरून संरक्षणासाठी फेव्हिकॉलचा थर देणाऱ्यांना एक सांगायचंय: तो दमट हवेत हलका चिकट होतो आणि काचेला किंवा प्लास्टिकच्या पिशवीला धरतो. त्यापेक्षा मॅट ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात, आणि असाच एक हात पाठीलाही.

फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या लावल्या की भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळते. ओल येणारी बाहेरची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि गॅसच्या वरची जागा नको. आणि फ्रेम बंद करण्याआधी पाठीवर पेन्सिलने लिहून ठेवा: कोणता गोंद, कोणता पुठ्ठा, काय काय साहित्य, कोणत्या महिन्यात केलं. चार वर्षांनी कोपरा सुटला की त्याला इस्त्री चालेल की पाण्याने सोडवावं लागेल, हे त्या दोन ओळींवरूनच ठरवता येतं.